गाण्याची उलटतपासणी

मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात हल्ली गायकापेक्षा निवेदक जास्त बोलतो. बोलतो म्हणजे गाण्याची जन्मकथा सांगतो. अशा चार जन्मकथा ऐकल्या की पाचवी आपली आपल्याला सांगता येते. कवी टॅक्सीत असतो. संगीतकार स्टुडिओत डोक्याला हात लावून बसलेला असतो, वादक ताटकळलेले असतात आणि निर्माता दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत असतो. मग दादर ते महालक्ष्मी एवढ्या अंतरात कवीला मुखडा सुचतो. कागद जवळ नसतोच. कवीजवळ वेळेवर कागद निघाला तर ते गाणं अजरामर होत नाही असा नियमच असावा. मग सिगारेटचं पाकीट उलगडलं जातं, पेन ड्रायव्हरकडून घेतलं जातं आणि दहा मिनिटांत इतिहास घडतो. “आणि रसिकहो,” निवेदक आवाज एकदम खाली आणतो, “ते गाणं होतं...”

इतर गावांत या जागेवर टाळी पडते. रत्नागिरीत पडत नाही. पाचव्या-सहाव्या रांगेतून कोणीतरी शेजाऱ्याला, पण स्टेजपर्यंत पोचेल अशा बेताने विचारतो, “पाकीट ठेवलंय का पण त्यांनी?”

यात निवेदकाचा अपमान करायचा हेतू नसतो. रत्नागिरी हे जिल्हा कोर्टाचं गाव. बांधाचा, वाटेचा, सामाईक विहिरीचा, नाहीतर शेजारच्या परड्यात झुकलेल्या फणसाचा असा एखादा दावा घरात नसेल तर त्या घराला मुलगी द्यावी की नाही याचा पूर्वी विचार होत असे. अशा गावात कोणीही काहीही सांगितलं की पहिला प्रश्न कागदाचा येतो. गाणं हाही शेवटी एक जबाबच. तो शपथेवर दिलेला नाही, वर त्याला तबला-पेटी लावलेली आहे, म्हणजे तर जास्तच तपासून घेतला पाहिजे.

गीतरामायणाचंच घ्या. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि पुढे वर्षभर चाललं. एकूण ५६ गाणी. त्यातलं पहिलंच गाणं गदिमांनी लिहून दिलं आणि सुधीर फडक्यांकडून ते हरवलं, मग गदिमांनी बसल्या बैठकीला पुन्हा लिहून काढलं, अशी आठवण सांगतात. ही गोष्ट ऐकून महाराष्ट्र सद्गदित होतो. आमच्याकडे एका निवृत्त अव्वल कारकुनांनी ऐकून घेतली, सुपारी कातरली आणि म्हणाले, “दुसरं पहिल्याइतकंच चांगलं झालं हे ठरवलं कोणी? पहिलं हरवलं म्हणता ना?”

याला उत्तर नाही. निवेदकाकडेही नव्हतं.

पण आमच्या गावाचा खरा राग जन्मकथेवर नाही, गाण्यातल्या मजकुरावर आहे. त्यातही कोकणावरच्या गाण्यांवर. “गोमू माहेरला जाते हो नाखवा” हे गाणं लागलं की सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे माड हलायला लागतात. १९६४ च्या ‘वैशाख वणवा’ चित्रपटातलं, गदिमांनी लिहिलेलं, दत्ता डावजेकरांनी चाल लावलेलं आणि जितेंद्र अभिषेकींनी गायलेलं हे गाणं कोकणाचं जवळजवळ राष्ट्रगीत झालेलं आहे. सहलीची बस आंबा घाट उतरायला लागली की कोणीतरी ते सुरू करतोच, आणि पुढच्या वळणांवर निम्मी बस गात असते, निम्मी पिशव्या मागत असते.

आता यातला साक्षीदार बघा. गदिमा माणदेशचे. जिथे टँकर आला की गाव जमतं, त्या मुलखातला माणूस खाडी, गलबत आणि माड बघून हरखला तर त्यात नवल नाही. पण हरखून त्यांनी इथल्या माणसांना एक दाखला देऊन टाकला. ही माणसं सरळ, निष्पाप, आणि आतून नारळपाण्यासारखी. हा दाखला कोकणी माणसाने अर्ज करून मागितलेला नव्हता. गेली साठ वर्षं तो घेऊन आम्ही वावरतो आहोत आणि घाटावरून आलेला प्रत्येक पाहुणा तो आमच्या तोंडावर फडकवून हापूसचा भाव पाडून मागतो.

“शहाळ्याचं पाणी काढायला कोयता लागतो,” आमच्या शेजारचे काका म्हणतात, “ते नाही लिहिलं गाण्यात.”

पु. ल. देशपांड्यांनी रत्नागिरीचाच अंतू बर्वा उभा करून या साक्षीच्या बरोबर उलट साक्ष दिली, आणि गंमत म्हणजे महाराष्ट्र दोन्ही जबाब एकाच वेळी खरे मानून चालतो. त्याच गाण्यात माडांची उंची जवळ जाऊन मोजायचीही सूचना आहे. कवीला तो काव्यमय उद्योग वाटला असेल. इथे माडाची उंची फक्त नारळ पाडायला आलेला माणूस मोजतो, मजुरी सांगण्याआधी, आणि ती नेहमी आपल्याला दिसते त्यापेक्षा जास्त भरते. राहता राहिली ती गोमू. तिचं आता बरं चाललंय. ती जयगडला स्कूटरसकट फेरीबोटीत चढते, पलीकडे तवसाळला उतरते आणि नाखव्याशी एक अक्षर न बोलता माहेरी पोचते.

“मी डोलकर” या गाण्याचंही तसंच. शब्द शांता शेळक्यांचे, त्या पुणे जिल्ह्यातल्या. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गायल्या लताबाई, आणि त्यांच्या जोडीला कोळी म्हणून कोण, तर हेमंतकुमार. कलकत्त्याच्या भद्र घरातला, धोतराचा सोगा धरून चालणारा हा आवाज वेसाव्याच्या वाऱ्यात इतका फिट्ट बसला की त्या आवाजाला ओळखपत्र मागायची हिंमत आमच्या गावालाही झाली नाही. पण डोलकर म्हणजे कोण याची चौकशी झालीच. लग्नाच्या वरातीत या गाण्यावर नाचणारे नव्वद टक्के लोक डोलकर म्हणजे डोलणारा असं धरून चालतात आणि त्याप्रमाणे डोलतातही. मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या लाद्या उतरवून घेणाऱ्या एकाला मी हे विचारलं. त्याने हातातलं काम थांबवलं नाही.

“डोल म्हणजे जाळं. पिशवीसारखं. भरतीच्या तोंडाला बांधून ठेवायचं, प्रवाहाबरोबर बोंबील-जवळा आपोआप आत. ती तिकडं वर, वसई-डहाणूला. आमच्याकडं रापण, आणि आता पर्ससीन.” मग जरा विचार करून म्हणाला, “मी पर्ससीनकर असं गाणं नाय होणार पण.”

नाहीच होणार. शिवाय पर्ससीन हे एकच जाळं असं आहे की ज्याच्यावर गाण्यापेक्षा निवेदनं जास्त लिहिली गेली.

आता मुख्य खटला. वादी, आमचे शेजारचे काका, धंदा हापूस आंब्याचा. प्रतिवादी, मराठी भावकविता.

काकांची बाग वडिलोपार्जित आहे आणि कर्जही. काका गाणं हे फक्त हवामानाचा अंदाज म्हणून ऐकतात, आणि का ऐकतात ते समजायला हापूसची कुंडली माहीत पाहिजे. ऑक्टोबरची काहिली सरली, पालवी जून झाली आणि थंडी पडली की झाड मोहोर धरतं. त्या वेळी आभाळ निरभ्र पाहिजे. दोन दिवस ढगाळ गेले की तुडतुडे येतात, मागोमाग भुरी येते, की लगेच फवारणी. त्यात शिंतोडा पडला तर केलेली फवारणी धुऊन जाते आणि पुन्हा फवारणी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचं वेळापत्रकच करून दिलंय. तेव्हा नोव्हेंबर ते मे ढग हा शब्दसुद्धा काकांच्या घरात कोणी उच्चारत नाही. सुनेने एकदा भाजीवर झाकण ठेवायला सांगताना “ढगळ” म्हटलं तर काका पानावरून उठून अंगणात जाऊन वर बघून आले.

अशा घरातल्या नातवाच्या शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरात होतं. सगळ्याच शाळांचं होतं. आणि स्नेहसंमेलनात बालवाडीचं “नाच रे मोरा” होतं, तेही सगळीकडेच होतं. शब्द पुन्हा गदिमांचे, चाल पुलंची, आवाज आशाबाईंचा, चित्रपट १९५३ चा ‘देवबाप्पा’. गेल्या सत्तर वर्षांत या गाण्यावर न नाचलेलं मराठी मूल शोधायचं तर पुराणवस्तू खात्यालाच सांगावं लागेल. काका पहिल्या रांगेत बसले होते. पडदा वर गेला. मागच्या पडद्यावर आंब्याची झाडं रंगवलेली, फळांनी लगडलेली. काकांचा चेहरा जरा उजळला. मग वरून दोऱ्याला बांधलेले कापसाचे ढग खाली आले. निळ्या सॅटिनमध्ये शिवलेले चार मोर आले, त्यातला एक रडत होता. त्यांच्यामागून करड्या गोणपाटातली दोन मुलं एकमेकांना डोक्याने ढुशा देत आली. तो वारा आणि ढग. गाण्यात त्यांची झुंज आहे. त्यातला ढग हा काकांचा सख्खा नातू होता.

“घरातच निघाला,” काका म्हणाले.

त्यानंतर दोन दिवसांनी खरोखर आभाळ आलं. बंगालच्या उपसागरात काहीतरी झालं होतं म्हणे, पण काकांचा संशय जवळचा होता. ते शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई समंजस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

“बाई, माझा गाण्याला विरोध नाही. पण ते जूनमध्ये घ्या. आषाढात कितीही नाचवा मोर.”

“जूनमध्ये संमेलन कसं घेणार काका? मुलं वाहून जातील. डिसेंबरात दुसरं कोणतं गाणं घेऊ ते सांगा.”

“थंडीचं घ्या. आभाळ स्वच्छ आहे, वारा बेताचा आहे, मोहोर चांगला फुटलाय, मधमाश्या फिरतायत, अशा हवेचं काहीतरी.”

बाई पुष्कळ वेळ आठवत राहिल्या. मग त्यांनी संगीताच्या सरांना बोलावलं. तेही आठवत राहिले. बागायतदाराला सोयीच्या हवेवर मराठीत बालगीत निघेना. तिथून काकांनी आपला दावा सगळ्या कवींवर वाढवला. “सांग सांग भोलानाथ” लिहिणारे मंगेश पाडगावकर पावसाची आणि शाळेला सुट्टीची चौकशी करतात. आरती प्रभू तर “ये रे घना” म्हणून ढगाला सरळ आमंत्रणच देतात. आणि दोघेही कुठले, तर वेंगुर्ल्याचे. वेंगुर्ला १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, सिंधुदुर्ग नंतर वेगळा झाला. “म्हणजे आपलीच माणसं,” काका म्हणतात, “बाहेरच्याला काय बोलायचं!” जिल्हा फोडला तेव्हा सरकारने आरती प्रभूंना पलीकडे दिलं हा निर्णय काकांना एकंदरीत पटलेला आहे.

मी एकदा त्यांना सांगायचा प्रयत्न केला की “ये रे घना” मधला ढग हा खरा ढग नाही, ते मनाचं काहीतरी आहे, कुडाळला खानावळ चालवणारा एक हळवा माणूस आपल्या आतल्या कोरडेपणाबद्दल बोलतोय. काकांनी शांतपणे ऐकलं.

“खानावळ होती ना? मग त्याचं काय जातंय! खानावळ पावसात चालते.”

फळपीक विम्याबद्दलही त्यांनी या अंगाने विचार केलेला आहे. हा विमा हवामानावर चालतो. अवेळी पाऊस, जास्त थंडी, जास्त ऊन, वेगाचा वारा यांची नोंद महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर झाली तर भरपाई. कवितेची नोंद कुठल्या केंद्रावर होत नाही. पाऊस काकांच्या बागेत पडतो आणि केंद्र चार डोंगर पलीकडे उन्हात उभं असतं, हे दुःख तर कोणत्याच कवीने लिहिलेलं नाही. आणि मोराचं म्हणाल तर बागेत नाचायला आम्हाला मोर लागत नाहीत, वानर आहेत. ते गाण्याशिवाय नाचतात आणि नाचता नाचता तयार फळ दाताने टोचून टाकतात.

झिम्म्याच्या एका जुन्या गाण्यात पिकलेल्या आंब्यातून रस ठिबकतो आणि तेवढ्यात कोकणच्या राजाला खेळ सुचतो, असं वर्णन आहे. बायका ते मंगळागौरीला आनंदाने घुमत म्हणतात. काकूही म्हणतात. काका ओटीवरून ओरडतात, “रस बाहेर आला म्हणजे फळमाशी लागली! राजाला म्हणावं, खेळ थांबव आणि सापळे लाव!”

हा कोकणचा राजा कोण, हा प्रश्न मात्र मला नेहमी पडतो. कारण आमच्या गावाला सांगण्यासारखा जो राजा मिळाला तो ब्रह्मदेशचा. थिबा राजाला इंग्रजांनी मंडालेहून उचलून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. झिम्मा खेळल्याची नोंद नाही. त्यामुळे “मेरे पिया गये रंगून” हे गाणं रेडिओला लागलं की जुने रत्नागिरीकर मंदसं हसत. १९४९ च्या ‘पतंगा’ मधलं हे गाणं राजेंद्र कृष्ण यांचं, चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, आणि शमशाद बेगमबरोबर नवऱ्याचा आवाजही त्यांनीच चितळकर या नावाने दिलेला. साऱ्या हिंदुस्थानाला त्यात बर्मा म्हणजे दूरदेश वाटे. आमच्या लोकांना तो देणं-घेणं असलेला मुलूख. त्यांचा राजा इकडे, आपला जावई तिकडे, फिट्टंफाट. त्यांची हरकत दुसरीच होती. गाण्यातला नवरा रंगूनहून थेट डेहराडूनला टेलिफोन लावतो आणि दोघं सुरात, तालात, एकदाही “हॅलो, ऐकू येतंय का” न म्हणता बोलतात. त्या काळी रत्नागिरीहून मुंबईला ट्रंककॉल नोंदवून माणूस आंघोळ, जेवण आणि वामकुक्षी उरकायचा. तेव्हा लागला तर लागायचा. “कवीला टपाल खात्याचा अनुभव दिसत नाही,” हे निदान पोस्टातल्याच एका माणसाचं होतं.

आमची तपासणी नेहमी गाण्याच्या विरुद्धच जाते असं नाही. मांडवीच्या समुद्रावर पर्यटकांना फिरवणारा एक रिक्षावाला आहे. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला जेटीजवळचा एक खडक दाखवतो आणि सांगतो, “सावरकरांनी ‘सागरा प्राण तळमळला’ इथे बसून लिहिलं.” पर्यटक खडकाचे फोटो काढतात. एकदा तिथे फिरायला आलेले एक पेन्शनर मास्तर हे ऐकून थांबले. ती कविता १९०९ ची, इंग्लंडातल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरची. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते ते १९२४ ते १९३७.

“अरे,” मास्तर म्हणाले, “तो सागराला म्हणतोय, मला मायदेशी घेऊन जा. इथे बसून कशाला म्हणेल? मायदेश तुझ्या रिक्षाखाली आहे.”

“बरोबर आहे गुरुजी,” रिक्षावाला म्हणाला, “पण गिऱ्हाइकाला ब्रायटन दाखवायला मीटर किती पडेल?”

यातली खरी गंमत वेगळीच आहे. सावरकरांनी रत्नागिरीत बसून खरोखर लिहिलेली गाणी आहेत. ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक १९३१ चं, म्हणजे ते या जिल्ह्याची हद्द ओलांडू शकत नव्हते तेव्हाचं. त्यातली “मर्मबंधातली ठेव ही” आणि “शतजन्म शोधिताना” ही पदं वझेबुवांच्या चालींवर मास्टर दीनानाथांनी गायली आणि आजही नाट्यसंगीताची मैफल त्यांच्याशिवाय संपत नाही. कवी जिल्ह्यात अडकलेला आणि त्याची पदं गावोगाव वन्समोअर घेतायत, ही खरी जन्मकथा. तिला टॅक्सीही लागत नाही आणि पाकीटही. पण तिच्यासाठी कोणी खडक राखून ठेवलेला नाही. मी रिक्षावाल्याला हे सांगितलं. त्याने विचारलं, “त्याच्यात समुद्र आहे का?” नाही म्हटल्यावर त्याने विषय बदलला.

एवढे सगळे शब्द तासून बघणारी ही माणसं भाद्रपदात मात्र काय करतात ते बघण्यासारखं आहे. गणपतीत मुंबईचे चाकरमानी घरी आलेले असतात. रात्री वाडीतली सगळी माणसं एका घरी जमतात, तिथल्या आरत्या झाल्या की पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. ढोलकी एकाच्या मांडीवर, झांजा ज्याच्या हातात पडतील त्याच्या. एकजण कायम अर्धी ओळ पुढे असतो, कारण त्याच्या घरी अजून आरती व्हायची असते. एकजण कायम अर्धी ओळ मागे, कारण तो शेवटचा स्वर धरून बसतो. आणि शब्दांची उलटतपासणी इथे साफ बंद. रामदासांच्या आरतीत गणपतीच्या पोटाला नागाचा पट्टा आहे. आमच्या वाडीत, आणि खरं तर साऱ्या महाराष्ट्रातच, त्या नागाची कधीच फळी झाली आणि वंदन फळीवर होतं. हा विनोद व्हॉट्सअॅपवर दर भाद्रपदात फिरतो आणि तो पाठवणारेही आरतीला उभे राहिले की फळीच म्हणतात.

एका घरात नवी सून आली, संस्कृत घेऊन एम. ए. झालेली. तिने अगदी आदराने आजेसासूला शब्दाची फोड करून सांगितली. फणी म्हणजे नाग, त्याचा बंध म्हणजे पट्टा. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग तिला हाताला धरून माजघरात नेलं आणि बोट दाखवलं. गणपती चांगल्या शिसवी फळीवर बसलेला होता.

“सासऱ्यांच्या वेळेपासून ह्याच फळीवर बसतो गो. नाग कुठे दिसतोय तुला?”

जागेवरची पाहणीच झाल्यावर सून काय बोलणार?

तरीही गाण्याचा अर्थ भर सभेत, कवीच्या तोंडावर विचारायची सोय कुठे असेल तर ती आमच्याच जिल्ह्यात आहे. तिचं नाव शक्ती-तुरा. जाखडी म्हणा, बाल्या नाच म्हणा. मुंबईत घरगड्याचं काम करणाऱ्या कोकणी पोरांच्या कानात बाळी असायची, म्हणून ते बाल्ये आणि त्यांचा तो बाल्या नाच. परळच्या दामोदर नाट्यगृहात वर्षानुवर्षं याच्या बाऱ्या रंगल्या. एक शाहीर शक्तीचा, एक तुऱ्याचा. एक म्हणतो माया मोठी, दुसरा म्हणतो शिव मोठा. मधे शाहीर आणि वाजवणारे बसतात, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल धरून नाचतात. गण होतो, गौळण होते आणि मग सवाल सुरू होतात. एकाने पुराणातला प्रश्न गाण्यात घालायचा, दुसऱ्याने त्याचा जबाब गाण्यातच द्यायचा. चाली बहुतेक चालू सिनेमाच्या. ‘सैराट’ आला त्यानंतर गजाननाचं मूळचं मस्तक कुठे गेलं हा गहन सवाल मी ‘झिंगाट’च्या चालीवर ऐकलेला आहे आणि त्या चालीवर तो अधिकच गहन वाटतो.

इथे निवेदक नाही, आठवणी नाहीत. समोरचा शाहीर सरळ विचारतो, “कुठल्या पुराणात? अध्याय कितवा?” मांडवातली म्हातारी माणसं, जी एरवी सातबारा वाचायला चष्मा शोधतात, ती अध्यायाचा आकडा चुकला तर पहाटे तीन वाजता जागच्या जागी उठून उभी राहतात.

मे महिन्यात वाडीच्या पूजेला बारी ठरली होती. आंबा संपत आलेला, काका मोकळे, पुढच्या खुर्चीत. तुरेवाल्या शाहिराने गोवर्धनाची गौळण घेतली. इंद्र कोपला, सात दिवस सात रात्री पाऊस कोसळला, कृष्णाने करंगळीवर डोंगर धरला. ढोलकी अशी वाजत होती की मांडवाच्या पत्र्यावर खरंच पाऊस पडतोय असं वाटावं. चाळ थांबले, शाहिराने घाम पुसला आणि शक्तीवाल्याला सवाल टाकायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका उभे राहिले.

“शाहीर, एक विचारू? महिना कोणता हा?”

शाहीर गोंधळला. मागून कोणी तरी सांगितलं, गोवर्धनपूजा कार्तिकातली, दिवाळीच्या पाडव्याची.

“म्हणजे पावसाळा संपल्यावर. म्हणजे अवकाळी,” काका म्हणाले. “डोंगर उचलला ते चांगलंच केलं. पण कार्तिकात सात दिवस पाऊस म्हणजे झाडाला पालवी येणार, मोहोर महिनाभर पुढे गेला. पंचनामा झाला होता का?”

शक्तीवाल्यांच्या बाजूने प्रचंड शिट्ट्या पडल्या. तुरेवाला शाहीर जुना, मुरलेला. त्याने ढोलकीवाल्याला खूण केली, कानावर हात ठेवला आणि सुरात सांगितलं की या सवालाचा जबाब पुढल्या वर्षीच्या बारीला मिळेल, आणि तोवर बागायतदारांनी शक्तीवाल्यांकडे चौकशी करावी, कारण पाऊस हे मायेचं खातं आहे.